पातूरच्या डोणीत अरबी समुद्र

प्रवासवर्णन लिहिणारी माणसं काशीला जातात, काश्मीरला जातात, निदान चिखलदऱ्याला जाऊन कुडकुडत परत येतात. मी अमरावतीहून निघालो आणि पातूरला जाऊन परत आलो. हसू नका. माझ्याबरोबर जे पाहुणे होते त्यांनी जन्मात सूर्य पाहिला नव्हता, आणि त्यांच्यासारख्यांना घेऊन वऱ्हाडात हिंडलेला माझ्याआधी कोणी असेल तर त्याने पुढे यावं, मी त्याला पेढे देईन.

अमरावती

मी इथल्या एका शाळेत शास्त्र शिकवतो. माझा मेहुणा जहाजावर नोकरीला आहे. त्याचं जहाज अरबी समुद्राची खोली मोजत हिंडतं आणि जाता जाता खोल पाण्यात जाळी सोडून तिथले जीव वर काढतं. त्यातला चांगला माल बरण्यांत भरून पुण्याच्या एका प्राध्यापकांकडे जातो. जाळीच्या तळाशी जो गाळ उरतो, तो मेहुण्याने स्पिरिटच्या बाटलीत भरून मला दिवाळीची भेट म्हणून पाठवला. दुसऱ्यांचे मेहुणे धोतरजोडी पाठवतात.

त्या गाळात कोपेपॉड नावाचे प्राणी होते. मी त्यांना मराठीत वल्हेपाय म्हणतो. काही तांदळाच्या कणीएवढे, काही खसखशीहून थोडे मोठे. झिंग्याचे हे फार दूरचे आणि फार गरीब नातेवाईक. डोक्यातून निघालेली मिशांची एक जोडी, तोंडाभोवती चिमट्यांची आणि झाडण्यांची गर्दी, आणि पोटाखाली पोहायचे पाय, जोडीजोडीने. प्रत्येक जोडीतले दोन पाय एका आडव्या पट्टीने जखडलेले असतात, जशी जुवाखाली बैलजोडी. एकाने पुढे जायचं आणि दुसऱ्याने मागे राहायचं, हा प्रकारच नाही. ओढायचं तर दोघांनी मिळून. मग एक कंबर येते, जिथे अंग वाकतं, आणि तिच्यामागे दुभंगलेलं शेपूट.

यांची घराणी पुष्कळ, पण मोठी दोन. एक लांबमिशांचं. हे समुद्राचे धनी, मिशा पार शेपटापर्यंत. दुसरं आखूडमिशांचं. यांची मादी अंड्यांच्या दोन झोळ्या दोन बाजूंना लटकवून अशी चालते, की बाजारातून परतणारं गाढवच. आपल्या विहिरीत वळवळतो तो सायक्लॉप्स या दुसऱ्या घराण्यातला. मिशा पाहून घराणं ओळखा, असं शिकवतात आणि बहुधा ते जमतं. पण खरी खूण कंबरेत आहे. पायांच्या जोड्या पाच. लांबमिशांच्या घराण्यात पाचही जोड्या कंबरेच्या पुढे असतात. आखूडमिशांत चार पुढे, आणि पाचवी, अगदी नावापुरती, कंबरेच्या मागे शेपटाच्या बाजूला. मिशा फसवतील, कंबर फसवत नाही.

माझ्या बाटलीत एक असा निघाला की ज्याच्या मिशा आखूड, तोंडवळा सायक्लॉप्सचा, पण बाजूने पाहिलं की पाचव्या जोडीचे पाय मला कंबरेच्या पुढे दिसत. असा एकच होता. मी आनंदाने वर्गात नाचलो. मुलं खूश झाली, कारण त्या दिवशी गृहपाठ दिला नाही. मग प्राध्यापकांना लिहिलं, की हा लांबमिशांच्या घराण्यातला आखूडमिशा आहे.

त्यांचं उत्तर पुणेरी होतं. उत्साह स्तुत्य आहे, मिशा आखूड असता प्राणी सायक्लॉप्सच्या घराण्यातला मानण्यास प्रत्यवाय नसावा, तथापि आपण कामानिमित्त अकोल्यास येत आहोत तेव्हा नमुना दाखवावा. आणि शेवटी, जाता जाता, म्हणणं खरं ठरल्यास आपल्याकडच्या न निवडलेल्या बरण्या वर्गवारीसाठी माझ्याकडे सोपवण्याचा विचार करता येईल.

बरण्या! खोल समुद्राचा खरा माल, अमरावतीत, माझ्या टेबलावर! मी ते पत्र हेडमास्तरांना दाखवलं.

"मास्तर, तुम्ही समुद्र कधी पाहिलाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग समुद्रातल्या प्राण्यांची घराणी तुम्ही लावणार?"

"पंचांगवाले तरी कुठे शनीवर जाऊन आलेत?" मी म्हणालो, आणि त्यांनी सुट्टीच्या अर्जावर सही केली.

अकोल्याकडे

बडनेऱ्याला गाडी बदलली. एका हातात शाळेच्या सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी, दुसऱ्या हातात बाटली. मूर्तिजापूरपर्यंत समोरच्या बाकावरचे एक कापसाचे दलाल बाटलीकडेच पाहत होते.

"काय जी, औषध काय?"

"प्राणी आहेत."

"मेले दिसून राहिले."

"मेलेत."

"मंग काहून नेता?"

मी त्यांना अकोल्यापर्यंत पाय मोजायला शिकवलं. उतरताना ते म्हणाले, "मास्तर, बायको काय म्हणते तुमची?" वऱ्हाडात प्रश्न असा थेट छातीवर येतो. पुण्याच्या माणसाने हेच विचारायला तीन वाक्यं आणि एक खोकला घेतला असता.

अकोल्यात तेव्हा जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढायचे दिवस. हवेत रुई तरंगते, ती टोपीवर बसते, भुवयांवर बसते, आणि स्टेशनाबाहेर उभा प्रत्येक माणूस एकाएकी म्हातारा दिसतो. प्राध्यापक तिसऱ्या दिवशी यायचे होते. मी असा रुईने पिकत उभा असताना मागून हाक आली.

"ओ मास्तर! अकोल्यात काहून धूळ खाऊन राहिले?"

हे तुळशीरामभाऊ. पातूरचे माळी. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि झेंडू पिकवतात आणि अकोल्याच्या बाजारात आणून विकतात. त्यांचा भाचा माझा विद्यार्थी, त्यामुळे ओळख. त्यांनी माझी पेटी उचलली आणि विचारणं संपलं. "चाला पातूरले. लेणी पाहा, जेवा, परवा येऊन जा." रिकाम्या टोपल्यांबरोबर मलाही सर्विस मोटारीत भरलं. बाटली मी मांडीवर धरली.

पातूर

पातूरला टेकड्या गाव गाठायच्या आधीच सुरू होतात. सागाची मोठी पानं वाळून वाजत होती. तुळशीरामभाऊंच्या मळ्यात झेंडूचा इतका पिवळा पट्टा होता, की डोळे मिटले तरी पापणीच्या आत तो दिसत राही. विहीर, विहिरीजवळ गुरांना पाणी पाजायची लांबट दगडी डोणी, आणि ओट्यावर आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे तुळशीरामभाऊंची आत्या. रिद्धपूरला जाऊन आलेल्या, महानुभाव पंथाच्या. मुंगी पायाखाली आली तर त्या पाय हवेत धरून उभ्या राहतात. तरुणपणी त्यांच्या पायातून नारू निघाला होता, तेव्हापासून त्या घरात पाणी दुहेरी धोतराच्या फडक्यातून गाळल्याशिवाय कोणाच्या ओठाला लागत नाही. आणि फडक्यात जे सापडेल ते मारायचं नाही, फडकं उलटं करून डोणीत सोडायचं. हे सगळं त्यांनी मला पहिल्या लोट्याबरोबर सांगितलं. मी मान डोलावली. इतकंच नाही, तर नारूचा जंत विहिरीतल्या सायक्लॉप्सच्या पोटात वाढतो आणि फडकं नेमकं त्यालाच अडवतं, असं व्याख्यानही दिलं. आत्याबाई प्रसन्न झाल्या. "पाह्य, मास्तरबी म्हणून राहिला."

जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, आणि असा ठेचा, की मला घटकाभर समुद्र प्यावासा वाटला. वाढणाऱ्या वहिनी, म्हणजे तुळशीरामभाऊंच्या पत्नी, "नको" हा शब्द ऐकूच शकत नाहीत. अमरावतीत ताटावर हात आडवा धरला की माणूस वाचतो. इथे हातावर भाकर ठेवतात.

सकाळी मी आणि तुळशीरामभाऊ लेणी पाहायला गेलो. एका खडकात अखंड खोदलेल्या त्या गार खोल्यांत उभं राहून मी त्यांना खोल समुद्राबद्दल सांगितलं. तिथे असाच अंधार, असंच गार. "अन् ते तिथं खातात काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वरून जे मरून पडेल ते. तुळशीरामभाऊ म्हणाले, "आमच्या तालुक्याच्या कचेरीसारखं."

हसत हसत परत आलो. ओट्यावर माझी बाटली उन्हात चमकत होती. स्वच्छ, नितळ. आत एकही प्राणी नाही.

"बापू," आत्याबाई म्हणाल्या, "तुह्या बाटलीतलं पानी पार सडलं होतं. वास येऊन राहिला होता अन् कीडच कीड! असं पानी पेशील तं नारू होईल तुले. मी फेकून देल्लं, चांगलं गाळून भरून ठेवलं."

मी बाटली उचलून उन्हात धरली.

"किडे... किडे कुठं आहेत, आत्याबाई?"

"मारले नाई, बाप्पा! डोणीत सोडले. मुके जीव."

मेहुण्याच्या जाळ्यात सापडून, स्पिरिटमध्ये बुडून, महिनेच्या महिने मेलेल्या त्या प्राण्यांना आत्याबाईंनी जीवदान दिलं होतं. अरबी समुद्राचा तळ पातूरच्या डोणीत होता, आणि एक गोऱ्हा त्यात तोंड घालत होता.

मी धावलो. माझ्यासारख्या वयाचा आणि घेराचा माणूस धोतराचा सोगा तोंडात धरून गोऱ्ह्याला मिठी मारतो, हे दृश्य मी स्वतः पाहिलं नाही, पण पातूरमध्ये अजून करून दाखवतात. तुळशीरामभाऊंनी गोऱ्हा ओढला. मी डोणीवर आडवा झालो आणि आत्याबाईंना, वहिनींना, जमलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं, की यात एक प्राणी आहे, खसखशीएवढा, तो उद्या अकोल्याला दाखवला नाही तर माझं तोंड काळं आणि पुण्याच्या बरण्या दुसऱ्याच्या घरी.

आत्याबाईंचा चेहरा उतरला. मग त्या उठल्या, तेच दुहेरी फडकं आणलं आणि म्हणाल्या, "गाळ मंग. पन जित्ते असतील ते परत सोडायचे. एकबी मरता कामा नाई."

ही अट ऐकून मी कपाळाला हात लावला, आणि मग लक्षात आलं, की आत्याबाईंनी मला निम्मं काम करून दिलं. डोणीतले पातूरकर जिवंत होते, माझे समुद्रकर मेलेले. जो उड्या मारील तो डोणीचा.

तळाचा गाळ तांब्याने हळूच उपसला, फडक्यावर ओतला, फडकं पाण्याच्या परातीत उलटं केलं. मग परातीतून थोडं थोडं पाणी पांढऱ्या बशांत. घरात बशा दोन, शेजारून आणखी आल्या. तांदूळ निवडायला बसतात तशा बायका ओळीने बसल्या. बशीत जे झटके देत पळे त्याला "पळाला, पळाला!" म्हणत परत डोणीत. जे तळाशी निपचित पडे त्याला कोंबडीच्या पिसाच्या टोकाने उचलून माझ्या काचेवर.

"माय वो, याच्या मिशा पाहा! तुह्या दिरापेक्षा मोठ्या."

"याले तं दोन झोळ्या आहेत. बाजारले चालला काय?"

"वहिनी, झोळ्यावाले आपले विहिरीचे. बाजूला."

मोठे लांबमिशे लवकर मिळाले. काहींच्या मिशा तुटल्या होत्या, पण तोंडवळा शाबूत. गर्दी इतकी, की सूक्ष्मदर्शकात डोळा लावायला रांग लागली. एक आजोबा पाहून म्हणाले, "हा एक डोळ्याचा हाय." मी म्हणालो, हो, याच्या साऱ्या घराण्याला कपाळावर एकच डोळा. त्यांनी हात जोडले.

फक्त एक अडचण होती. डोणीत आपोआप मेलेले सायक्लॉप्सही होते. ते पळत नव्हते. आणि माझा आखूडमिशा अगदी त्यांच्यासारखा.

सापडलेल्यांना ठेवायला स्पिरिट नव्हतं. आत्याबाईंनी ते झेंडूला घातलं होतं. दवाखाना बंद. मग मी टोपी नीट घातली, उपरणं सावरलं आणि अमरावतीच्या शाळेतला शास्त्राचा मास्तर भर दुपारी पातूरच्या दारूच्या दुकानात शिरला.

"सगळ्यात कडक द्या. पहिल्या धारेची."

"किती पायजे जी?"

"एक शिशी भरेल इतकी."

"येवढ्यानं काय होते? घरी पाहुनेबिहुने?"

"आहेत, पण ते फार कमी घेतात."

दुकानदाराने माझ्याकडे आदराने पाहिलं. मोहाच्या त्या दारूचा वास घेऊन मी घरात शिरलो, तेव्हा आत्याबाईंनी नाकाला पदर लावला आणि शिशी गोठ्यात ठेवायला लावली. समुद्रकर गोठ्यात राहिले.

ऊन कलत चाललं, सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर उजेड पुरेना. माझ्यासमोर तीन आखूडमिशे उरले होते. एक माझा, दोन डोणीचे, की तिन्ही डोणीचे? वहिनी वाकून म्हणाल्या, "भाऊजी, तीनही घेऊन जा नं. तिथं पाहून घेसान." माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. तीनही शिशीत घातले.

निघताना आत्याबाई म्हणाल्या, "मास्तर, माह्या हातानं चूक झाली."

"आत्याबाई," मी म्हणालो, "समुद्रातून निघाल्यापासून त्यांच्याशी इतकं चांगलं कोणी वागलं नव्हतं."

पुन्हा अकोला

प्राध्यापक उतरले होते त्या डाकबंगल्याच्या व्हरांड्यात चहा घेत होते. पांढरा कोट, पातळ ओठ. तिथेच उजेडाला माझा सूक्ष्मदर्शक मांडला. त्यांनी शिशीचं बूच काढलं, आणि त्यांच्या भुवया टोपीत गेल्या.

"हे स्पिरिट आपण कुठून घेता?"

"पातूरहून."

"अस्सं." बूच बंद.

लांबमिशे त्यांनी एकामागून एक पाहिले. मी नावं सांगत गेलो, ते मान हलवत गेले. मग ते तीन आखूडमिशे त्यांच्यासमोर ठेवले आणि, खोटं कशाला बोलू, डोणीची सगळी हकिगत सांगून टाकली. आत्याबाई, फडकं, गोऱ्हा, सगळं. गोऱ्ह्याला मिठी मी उभं राहून करून दाखवली. प्राध्यापक हसले नाहीत. फक्त त्यांच्या कपातला चहा हलला.

"म्हणजे यांतला समुद्राचा कोणता, हे आपल्यालाही ठाऊक नाही."

"आता पाहू."

"आणि समुद्राचा नमुना एकच होता."

"एकच."

"कंबर कशी पाहणार? तोडावी लागेल."

"तोडतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकच नमुना असणारा माणूस तो जपून पेटीत ठेवतो, तोडत नाही. पण न तोडता माझं म्हणणं नुसतं म्हणणंच राहणार होतं. बरण्या म्हणण्यावर मिळत नाहीत.

मी दोन शिवणाच्या सुया हातात घेतल्या. पहिला. कंबरेवर सुई टेकवली, अंग वाकलं, तुटलं. प्राध्यापक वाकून पाहतात. "चार पुढे. पाचवी शेपटाकडे. सायक्लॉप्स." दुसरा. "सायक्लॉप्स." आवाजात समाधान नव्हतं, हे मला आवडलं. माणूस हरवायला आला नव्हता, पाहायला आला होता.

तिसरा.

मी कोपर टेबलावर टेकवलं. सुई ठेवली. तो वाकला तो पहिल्या दोघांपेक्षा थोडा मागे, जरासा, पण मागे. तोडला. शेपूट वेगळं झालं. मी पाहिलंच नाही. खुर्ची प्राध्यापकांकडे सरकवली आणि व्हरांड्याच्या खांबाला पाठ लावून उभा राहिलो.

ते पाहत राहिले. भिंग बदललं. आरसा फिरवला. पुढचा भाग सुईने उताणा केला. त्यांच्या कपावर माशी बसली, उडाली, परत बसली.

"एक," ते म्हणाले. "दोन. तीन. चार." आणि मग, इतक्या हळू की मला पुढे व्हावं लागलं, "पाच. पाचवी पुढेच आहे. आणि उजवा पाय डाव्यासारखा नाही, म्हणजे लांबमिशांतला नर आहे."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण बंगल्याचा चौकीदार काठी घेऊन आला.

प्राध्यापक उठले, कोट नीट केला, आणि म्हणाले, "मास्तर, मी लिहिलं ते चूक होतं. मिशांवरून मी घराणं ठरवलं. चुकलो."

पुण्याच्या माणसाच्या तोंडून, साक्षीदारासमोर! मी चौकीदाराकडे वळून म्हणालो, "ऐकलं नं?" तो म्हणाला, "हाव जी," आणि काठी खाली ठेवली.

"पण एक सांगतो," प्राध्यापक म्हणाले, आणि आता मात्र त्यांचे पातळ ओठ हलले. "समुद्राच्या नमुन्यात गुरांचं पाणी मिसळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आणि ते मिसळलेलं पुन्हा निवडून काढणाराही. माझे विद्यार्थी न मिसळता निवडू शकत नाहीत. बरण्या आपल्याकडे येतील."

मग त्यांनी मोहाची शिशी पुन्हा उघडली, वास घेतला आणि विचारलं, "याने नमुने खरोखर टिकतात?"

"नमुन्यांचं माहीत नाही," मी म्हणालो, "पण दुकानदार टिकलेला दिसला."

यावेळी ते हसले.

घरी

बरण्या आल्या तेव्हा बडनेऱ्याला हमाल दोन लागले. हेडमास्तर स्वतः दाराशी आले आणि एका बरणीत हातभर लांबून डोकावून म्हणाले, "हे सगळे समुद्रातले?" मी म्हणालो, "या वेळी सगळे." एका बरणीत लालसर पाण्यात नुसत्या मिशाच मिशा दिसत होत्या. माझं वर्षभराचं सुख त्यात तरंगत होतं.

त्या ठेवायला घरात जागा एकच होती, स्वयंपाकघरातलं फडताळ. बायकोने वरची फळी रिकामी केली. शेवटची बरणी मी चढवली, तेव्हा ती कैरीच्या लोणच्याची भलीमोठी बरणी पोटाशी धरून उभी होती.

"हे आता कुठे ठेवू?"

मी तिच्याकडे पाहिलं, फळीवरच्या अरबी समुद्राकडे पाहिलं, आणि जेवायला पाट मांडला. "ठेवू नकोस," मी म्हणालो. "वाढ."